ब्रेक चाक थांबवतो, गाडी रस्ता थांबवतो

पावसाळ्यात एखाद्या महामार्गावर वाहने एकमेकांवर आदळली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने' हे शब्द ठरल्याप्रमाणे येतात, आणि ते छापून आले की कारण शोधण्याची गरज कोणालाच उरत नाही. वास्तविक नियंत्रण सुटणे हे अपघाताचे वर्णन आहे, कारण नव्हे. ते का सुटले, हा प्रश्न त्यापुढे सुरू व्हायला हवा. परंतु या देशात एक मत इतके पक्के रुजले आहे की तो प्रश्न विचारणाराच संशयित ठरतो. ते मत असे: रस्ता ही निर्जीव वस्तू आहे, ती कोणाचा जीव घेत नाही, वाहन थांबवणे हे चालकाचे आणि ब्रेकचे काम आहे, थांबले नाही, तर वेग जास्त होता, टायर गोटा झाले होते किंवा चालकाला डुलकी लागली होती, शासनाने गुळगुळीत रस्ता बांधून दिला की त्याचे कर्तव्य संपले, पाऊस तर निसर्गाच्या हातचा, आणि एवढे सगळे स्पष्ट असताना जो रस्त्याकडे बोट दाखवतो, तो बेपर्वा चालकांची वकिली करतो. सरकारी कचेरीपासून चहाच्या टपरीपर्यंत हे मत सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येते, आणि तो आत्मविश्वास बाजूला काढला तर त्यात टिकण्याजोगे फारच थोडे शिल्लक राहते.

या मताचा पाया म्हणजे वाहन ब्रेकमुळे थांबते ही समजूत, म्हणून तपासणी तिथूनच करावी लागते. ब्रेकचे पॅड चकतीला आवळतात आणि त्यामुळे चाकाचे फिरणे मंदावते. ब्रेकचे काम येथे संपते. पुढे धावणाऱ्या वाहनाला मागे खेचणारे बल निर्माण होते ते टायर आणि रस्ता यांच्या स्पर्शात, प्रत्येक चाकाखालच्या जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. चाकावर येणाऱ्या भाराच्या किती पट मागे खेचणारे बल ही जागा देऊ शकते, हे सांगणाऱ्या आकड्याला घर्षण गुणांक म्हणतात. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर हा आकडा ०.७ ते ०.८ च्या आसपास असतो, तोच रस्ता ओला झाला की साधारण ०.४ ते ०.५ पर्यंत उतरतो, वापराने गुळगुळीत झालेल्या ओल्या पृष्ठभागावर ०.३ किंवा त्याहूनही खाली जातो आणि बर्फावर ०.१ च्या घरात पोहोचतो. बर्फावर घसरत जाणाऱ्या मोटारीचे ब्रेक अनेकदा अगदी उत्तम असतात, चाके जागच्या जागी थांबलेली असतात आणि तरीही मोटार पुढे जात राहते. तेव्हा घसरलेल्या वाहनाचे फक्त ब्रेक तपासून अहवाल बंद करणे म्हणजे शेवाळलेल्या मोरीत पडलेल्या माणसाच्या गुडघ्यांची ताकद तपासून मोरीला निर्दोष ठरवणेच होय.

थांबण्याच्या अंतराचे दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत वाहन जे अंतर कापते, ते प्रतिक्रिया-अंतर. आणि ब्रेक लागल्यापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंतचे, ते ब्रेक-अंतर. पहिल्या भागावर चालकाची सावधता आणि वेग यांचा अंमल चालतो, म्हणून चालकाला दोष देणाऱ्यांनी हवे तर तो भाग आपल्याकडे ठेवावा. दुसरा भाग मात्र वेगाच्या वर्गाला घर्षण गुणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागून मिळतो, आणि त्या भागाकारात चालकाच्या चारित्र्याला कोठेही जागा नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ०.७ गुणांकाच्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते, गुणांक ०.४ असेल तर तिला सुमारे ६३ मीटर लागतात, आणि ०.२ असेल तर १२६ मीटर. याहून बोलका हिशेब पुढचा आहे: कोरड्या रस्त्यावरची मोटार ज्या जागी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागेवरून ०.४ गुणांकाच्या ओल्या रस्त्यावरची मोटार अजून ताशी ५२ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. चालक तोच, डोळे तेच, ब्रेक तोच, पाय पडला तो क्षणही तोच. मग या ताशी ५२ किलोमीटरांचा जमाखर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा?

यावर तयार असलेले उत्तर म्हणजे वेग. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ७२.३ टक्के अपघात अतिवेगाच्या सदरात टाकले गेले. हा आकडा पुढे करून वाद संपल्याचे जाहीर करण्याची पद्धत आहे. परंतु अतिवेग म्हणजे कशाच्या तुलनेत अति? पाटीवरच्या आकड्याच्या, की त्या क्षणी रस्ता जे घर्षण देऊ शकत होता त्याच्या? ब्रेक-अंतराच्या सूत्रात वेग अंशस्थानी आहे तसे घर्षण छेदस्थानी आहे, आणि घर्षण निम्मे झाले तर ब्रेक-अंतर नेमके तेवढेच वाढते जेवढे वेग १.४१ पट केल्याने वाढते. ताशी ८० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावरून कोणी ११३ ने गेला, तर कॅमेरा त्याचे छायाचित्र काढतो, चलन घरपोच येते आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्याच रस्त्याचा पृष्ठभाग झिजून, तेलकटून किंवा पाणी साचून त्याचे घर्षण निम्म्यावर आले, म्हणजेच ८० ने जाणाऱ्या प्रत्येक निरपराध वाहनाला ११३ चे ब्रेक-अंतर बहाल झाले, तर कोणाच्या घरी चलन जाते? भौतिकशास्त्राला दोन्ही गुन्हे सारखेच दिसतात. एकाच डोळ्याने पाहते ती व्यवस्था.

वेगमर्यादेचा आकडा आपल्याकडे मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी जो असतो तोच जुलैच्या मुसळधार रात्री असतो, आणि तरीही त्या आकड्याला सुरक्षिततेचे प्रमाण मानले जाते. फ्रान्समध्ये महामार्गांवरील कमाल वेग कोरड्या हवेत ताशी १३० किलोमीटर असतो आणि पाऊस पडताना तो कायद्यानेच ११० होतो, कारण ब्रेक-अंतर वेगाच्या वर्गावर चालते आणि या एका कपातीने ते २८ टक्क्यांनी घटते. जर्मनीत वेगमर्यादेच्या फलकाखाली 'रस्ता ओला असताना' अशी जोडपाटी लावून ओल्या रस्त्यासाठी वेगळा आकडा दिला जातो. या देशांतील अभियंते पावसाला निसर्गाचा कोप न मानता हिशेबातील एक संख्या मानतात. आपल्याकडे मात्र पाऊस दर वर्षी जूनमध्ये येतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असताना, पाटी लिहिणाऱ्याला तो दर वर्षी अनपेक्षित असतो.

चालकाचा दोष आकडेवारीत इतका भरघोस आणि रस्त्याचा इतका कृश का दिसतो, याचे एक साधे कारण आहे. चालक अपघातानंतर जागेवर असतो, जखमी किंवा मृत अवस्थेत का होईना; घसरडेपणा मात्र पंचनाम्यापर्यंत थांबत नाही. पाणी वाहून जाते, ऊन पडते, मागून येणाऱ्या शेकडो चाकांबरोबर चिखल आणि तेलाचा थर पुसला जातो, आणि पंच येतात तेव्हा त्यांच्यासमोर कोरडा, सभ्य, निष्पाप रस्ता पसरलेला असतो. खड्डा निदान फोटोत येतो, म्हणून २०२२ च्या त्याच अहवालात खड्ड्यांमुळे १,८५६ मृत्यू नोंदले गेले, परंतु ०.२५ गुणांकाचा पृष्ठभाग आणि ०.५ गुणांकाचा पृष्ठभाग फोटोत एकसारखेच दिसतात. जे मोजलेच गेले नाही, त्याची नोंद कमी असणे हा त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा कसा होऊ शकतो? न विचारलेल्या साक्षीदाराने काहीच सांगितले नाही, म्हणून आरोपी सोडून देण्याचा हा न्याय आहे.

'नियम पाळणाऱ्याला भीती नाही' हे या मताचे लाडके वचन आहे, आणि ते खोडण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे देशातील रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेची, स्वतःची आकडेमोड पुरेशी आहे. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर चालकाला पुढचा किती रस्ता दिसला पाहिजे, हे ठरवताना ही संस्था प्रतिक्रियेसाठी अडीच सेकंद आणि घर्षण गुणांक वेगानुसार ०.४० ते ०.३५ असा धरते. ताशी १०० किलोमीटर वेगासाठी गुणांक ०.३५ घेतला की प्रतिक्रियेचे सुमारे ६९ आणि ब्रेकचे सुमारे ११२ मीटर मिळून अंतर १८० मीटरच्या आसपास येते, आणि तेवढा रस्ता दिसेल अशी आखणी केली जाते. याचा अर्थ असा की रस्ता आखणाऱ्याने नकाशावरच एक वचन दिलेले असते: या पृष्ठभागाचे घर्षण ओल्या अवस्थेतही ०.३५ च्या खाली जाणार नाही. आता हे वचन मोडून गुणांक ०.२५ झाला असे समजावे. मर्यादेत राहून १०० ने जाणाऱ्या, जागरूक, शंभर टक्के कायदेशीर चालकाला १८० मीटरवर बंद पडलेला ट्रक दिसतो, तो मानदंडाने अपेक्षिलेल्या वेळात ब्रेक लावतो, आणि तरीही त्या ट्रकवर ताशी सुमारे ५४ किलोमीटर वेगाने आदळतो. त्याने कोणता नियम मोडला? नियम मोडला तो रस्त्याने. आणि वर्तमानपत्रात नियंत्रण मात्र चालकाचेच सुटते. घाटाच्या उतारावर तर हिशेब आणखी निष्ठुर होतो, कारण पाच टक्के उतार गुणांकातून ०.०५ वजा करून घेतो आणि ०.२५ चे प्रत्यक्षात ०.२० होतात.

यापुढचे तत्त्व गुळगुळीतपणाचे. रस्ता चांगला की वाईट हे ठरवण्याची लोकमान्य कसोटी म्हणजे कपातला चहा हिंदकळतो की नाही, आणि उद्घाटनाच्या भाषणांत तर गुळगुळीतपणा हाच विकासाचा पर्याय असतो. पण खड्डे नसणे आणि पकड असणे हे दोन निरनिराळे गुण आहेत. पकड येते ती पृष्ठभागाच्या पोतातून, आणि हा पोत दोन थरांचा असतो. खडीच्या प्रत्येक दाण्याच्या अंगावरचा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक खरखरीतपणा म्हणजे सूक्ष्मपोत. तो पाण्याचा पातळ पापुद्रा फोडून रबराला दगडापर्यंत पोहोचू देतो. दाण्यादाण्यांमधील उंचसखलपणा म्हणजे स्थूलपोत; तो चाकाखालचे पाणी बाजूला निघून जायला वाट देतो आणि अधिक वेगात पकड टिकवतो. लाखो चाके जाऊन दगड घासला गेला की सूक्ष्मपोत नाहीसा होतो, आणि कोणता दगड किती लवकर घासला जाईल हे प्रयोगशाळेत त्याला मुद्दाम झिजवून ठरवता येते. चुनखडीचा दगड चटकन गुळगुळीत होतो, म्हणून वरच्या थरासाठी तो वाईट समजला जातो. केंद्रीय मंत्रालयाच्या मानकांत वरच्या डांबरी थरातील खडीसाठी या झीज-कसोटीचे किमान मूल्य ५५ लिहिलेले आहे, म्हणजे गुळगुळीतपणा हा शत्रू असू शकतो हे शासनाच्याच पुस्तकाला मान्य आहे. विदर्भातील उन्हाळ्यात डांबर मऊ होऊन वर येते आणि खडीला बुडवून काळी, चकचकीत पट्टी तयार होते; काँक्रीटच्या रस्त्यावर ओल्या अवस्थेत ओढलेल्या आडव्या रेघा काही वर्षांत चाकोरीपुरत्या झिजून जातात आणि उरलेल्या ठिकाणी शाबूत राहतात, म्हणजे जिथे चाक चालते नेमक्या तिथेच पकड हरवते. असा रस्ता दिसायला देखणा असतो, त्यावरून प्रवास सुखाचा होतो, आणि पहिल्या सरीपर्यंत त्याची सगळीकडे वाहवा चालते.

पाणी साचले की प्रश्न पकड कमी होण्यापुरता राहत नाही, पकड सुटण्याचा होतो. अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या चाकांवर केलेल्या अभ्यासातून १९६३ मध्ये दाखवून दिले की साचलेल्या पाण्यावर एका विशिष्ट वेगानंतर टायरला पाणी बाजूला सारायला वेळच मिळत नाही, टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्त्यावरून उचलले जाऊन पाण्यावर तरंगते. हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब ३२ पीएसआय असेल तर तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो आणि दाब २० वर उतरला तर सुमारे ७५. समृद्धी महामार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, हे या आकड्यांशेजारी ठेवून वाचावे. त्या वेगात पाणी साचलेल्या पट्ट्यावर चाक गेले, तर ना ब्रेकचा उपयोग, ना स्टिअरिंगचा. तरंगणारे चाक दोघांचेही ऐकत नाही. आणि पाणी साचते ते का? रस्त्याला मध्यापासून कडेला साधारण दोन ते अडीच टक्के आडवा उतार द्यावा लागतो तो दिलेला नसतो किंवा एकावर एक थर चढवताना मोडलेला असतो, जड वाहनांनी चाकोरीत खोल पन्हाळी पाडलेल्या असतात, कडेची गटारे मातीने बुजलेली असतात. आकाशातून पडलेले पाणी निसर्गाचे. रस्त्यावर थांबलेले पाणी ज्याने रस्ता बांधला आणि राखला त्याचे.

पहिल्या पावसाची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती दर जूनमध्ये मुंबईच्या द्रुतगती मार्गांवर पुन्हा घडते. आठ महिन्यांत रस्त्यावर बसलेली धूळ, टायरचे झिजलेले रबर आणि गळलेले तेल यांचा थर हलक्या सरीने धुऊन निघत नाही, फक्त ओला होऊन चिकट वंगण बनतो. दुचाकी एकामागून एक आडव्या होतात आणि मग अग्निशमन दलाला रेती पसरावी लागते. ग्रामीण भागाची स्वतःची वंगणे आहेत: गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबरोबर रस्त्यावर येणारा शेतातला चिखल आणि पाचोळा, कोकणात रस्त्याच्या कामांतून वाहणारी तांबडी माती, किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर मासळीच्या गाड्यांतून ठिबकणारे तेलकट पाणी. शहरांत मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक आणि जाड रंगाचे पट्टे ओले झाले की त्यात भर पडते. चारचाकीचे अशा ठिकाणी थांबण्याचे अंतर वाढते. दुचाकीचा तर आधी तोलच जातो, कारण पुढचे चाक सरकले की वाहन उभे राहण्याचा आधारच निघून जातो. २०२२ मध्ये रस्त्यांवर मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. यांतील प्रत्येक जण आडदांडपणे गाडी हाकत होता, असे मानायला विलक्षण निर्दयी आळस लागतो.

येथे तंत्रज्ञानाचे भक्त पुढे सरसावतात आणि एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक पूर्ण अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दाखला देतात. २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरील दुचाकींना ती सक्तीची आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ती यंत्रणा करते काय? चाक किंचित घसरत आणि बरेचसे फिरत असताना रबराची पकड सर्वाधिक असते, म्हणून ती ब्रेक वारंवार सोडून-आवळून चाकाला त्या अवस्थेत ठेवते आणि स्टिअरिंग चालू राहू देते. रस्त्यात असलेली पकड ती पूर्ण वापरते. नसलेली पकड ती कोठून आणणार? उलट सुट्या खडीवर अडकलेले चाक स्वतःपुढे खडीचा ढीग साठवून थांबायला मदत करते, आणि तिथे एबीएसमुळे ब्रेक-अंतर वाढूही शकते. रुंद टायरांचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे सांगावे लागते की साचलेल्या पाण्यात रुंद टायरला अधिक पाणी सारावे लागते, म्हणून तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू शकतो. आणि गाडी जड असली की ती रस्त्याला घट्ट धरून लवकर थांबते, ही समजूत तर साध्या भागाकाराने मोडते: वजन वाढले की पकड वाढते तसाच थोपवायचा आवेगही वाढतो, आणि ब्रेक-अंतराच्या सूत्रातून वजन दोन्हीकडून गळून जाते. शिवाय ट्रकच्या टायरांचे रबर दीर्घकाळ टिकावे म्हणून कठीण असते आणि उतारावर त्यांचे ब्रेक तापतात, त्यामुळे प्रत्यक्षात जड वाहन उशिराच थांबते.

'पावसाळ्यात वाहने सावकाश चालवा' हा फलक या साऱ्या विचारपद्धतीचा कळस आहे. सावकाश म्हणजे किती? ताशी ७०, ५० की ३०? ज्याच्याकडे मापनाची यंत्रे, अभियंते आणि निविदा आहेत त्याने आकडा सांगायचा नाही, आणि ज्याच्याकडे काच पुसणारे वायपर एवढेच साधन आहे त्याने तो ओळखायचा. घसरणाऱ्या मोटारीचे चित्र असलेला त्रिकोणी फलक त्याहूनही मासलेवाईक आहे, कारण तो लावणाऱ्याला ती जागा निसरडी आहे हे माहीत असते. नव्या कामावर तात्पुरता लावला तर तो इशारा असतो. वर्षानुवर्षे उभा राहिला तर तो कबुलीजबाब होतो. चालकाला टायरची झीज पाहण्याची सक्ती आहे, मोटारीच्या टायरवरील खाच १.६ मिलिमीटरहून उथळ झाली तर ती चालवणे नियमबाह्य आहे. मग त्याच स्पर्शाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे खालचा रस्ता, गोटा झाला तर त्याला बाद ठरवणारे कोण?

मोजमाप अवघड आणि खर्चिक असते, अशी सबब यावर दिली जाते. दोन माणसांनी उचलून नेता येईल असे लंबक-यंत्र जगभर दशकानुदशके वापरात आहे: ओल्या केलेल्या पृष्ठभागावरून रबराचा तुकडा लावलेला लंबक घासत जातो, पलीकडे किती वर चढतो त्यावरून घर्षण कळते. स्थूलपोत मोजायला तर ठरावीक मापाची वाळू रस्त्यावर गोल पसरून वर्तुळाचा व्यास मोजला तरी भागते. खोल पोतात वाळू जिरून वर्तुळ लहान होते, सपाट रस्त्यावर ते पसरते. लांब पल्ल्यासाठी ब्रिटनमध्ये विकसित झालेले वाहन आहे, ज्याचे प्रवासदिशेशी २० अंशांत वळवलेले चाक पाणी मारलेल्या रस्त्यावरून ओढले जाते आणि चालता चालता घर्षण नोंदवत जाते. ब्रिटनने १९८८ पासून आपल्या मुख्य रस्त्यांसाठी जागेच्या धोक्यानुसार घर्षणाच्या पातळ्या ठरवल्या आहेत, सरळ रस्त्याला एक, वळणाला दुसरी, पादचारी ओलांडणीच्या अलीकडे त्याहून कडक. पातळी खाली गेली की त्या जागेची तपासणी करावी लागते. अशा ओलांडण्यांच्या अलीकडे तेथे भाजलेल्या बॉक्साइटची खडी राळेत बसवून खास पकडीचा थर देतात, जो सहजासहजी झिजत नाही. आपल्याकडे दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ पासून आहे, आणि करारनाम्यांत घर्षणाच्या अटीही लिहिल्या जातात. नाही ती एवढीच गोष्ट, की त्या रस्त्यावरून टोल भरून जाणाऱ्याला त्याच्या चाकाखालचा आकडा कधी सांगितला जावा. वाळू परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांना टोलनाके मात्र परवडतात.

शेवटचा आणि सर्वांत नैतिक सुरातला आक्षेप म्हणजे रस्त्याला दोष दिला की बेपर्वा चालकाला पळवाट मिळते. ही पळवाट कोणी मागितलेली नाही. वेग दुप्पट केला की ब्रेक-अंतर चौपट होते, हे याच सूत्रातून निघते आणि ते वेडेवाकडे वाहन हाकणाऱ्याला कोणतीही सवलत देत नाही. पण एकाच्या दोषाने दुसऱ्याचा दोष फिटतो, हा हिशेब कोणत्या शास्त्रातला? चालक पूर्ण जबाबदार असू शकतो आणि रस्ता राखणाराही पूर्ण जबाबदार असू शकतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८अ सांगते की रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार किंवा सवलतदार कंपनी यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका माणसाच्या जिवापोटी कमाल एक लाख ही रक्कम स्वतःच एक उपहास आहे. आणि तोही दंड लागू करायचा तर अपघाताच्या वेळी घर्षण किती होते हे कोणीतरी मोजलेले असावे लागते. मोजायचे नाही, म्हणून सिद्ध होत नाही; सिद्ध होत नाही, म्हणून रस्ता निर्दोष; रस्ता निर्दोष, म्हणून मोजायची गरज नाही. चालकाला दोष देणारे मत ज्याला सामान्य शहाणपण म्हणते, ते एवढ्याच वर्तुळात फिरत असते.

तेव्हा मागणी दयेची नाही, हिशेबाची आहे. प्रत्येक महामार्गाच्या प्रत्येक किलोमीटरचे ओल्या अवस्थेतील घर्षण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजले जावे आणि तो आकडा रस्त्याच्या लांबी-रुंदीइतकाच सार्वजनिक असावा. आखणीत गृहीत धरलेल्या ०.३५ च्या खाली जो पट्टा जाईल, तो दुरुस्त होईपर्यंत तिथली वेगमर्यादा त्या घटलेल्या आकड्यावरून काढून पाटीवर लिहिली जावी; आणि प्रत्येक गंभीर अपघाताच्या पंचनाम्यात टायरच्या खाचेबरोबर त्या जागेचे घर्षणही नोंदले जावे. हे होईपर्यंत 'चालकाचे नियंत्रण सुटले' हे वाक्य निष्कर्ष म्हणून छापण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण वाहन थांबवणाऱ्या दोघांपैकी एकाचीच जबानी घेऊन लिहिलेला तो निकाल आहे. चालकाने वेग आवरावा, टायर बदलावेत, अंतर राखावे. हे सारे केल्यावरही जे उरलेले अंतर त्याला थांबू देत नाही, ते त्याच्या ताब्यातले नसते. ते अंतर रस्त्याचे आहे, रस्ता ज्याने बांधला आणि ज्याने राखला त्याचे आहे, आणि त्यातल्या प्रत्येक मीटरचा जाब त्यालाच द्यावा लागेल.